आघाडीचे फटाके

नांदगिरीत फुटबॉलचा प्रत्येक सामना दोनदा खेळला जायचा. एकदा मैदानात, आणि लगेच दुसऱ्यांदा माळपेठ आणि घाटपेठ या दोन पेठांमध्ये, फटाक्यांनी. गोल झाल्याचा आनंद तर असायचाच, पण तो आनंद समोरच्या पेठेच्या कानांवर किती लवकर आदळला यावर खरी इज्जत ठरायची. आपला गोल झाला आणि माळ लावायला जरा उशीर झाला, की दुसऱ्या दिवशी बाजारात समोरचा माणूस हमखास विचारायचा, "काय मर्दा, काडेपेटी सादळली हुती काय?" हा प्रश्न ऐकण्यापेक्षा लोक सामना हरणं पत्करायचे.

गावचा केबलवाला सुकुमार मगदूम यानं ही इज्जत कित्येक वर्षं दोन्ही पेठांना सारखी वाटली होती. सामन्याच्या दिवशी तो मैदानाच्या कोपऱ्यात टेंपो उभा करायचा आणि टपावर कॅमेरा लावायचा. तिथून निघालेली काळी वायर खांबांवरून, गच्च्यांवरून, दोनचार नारळांच्या गळ्यात वेढे घालत घराघरांत जायची. वायरीतून चित्र इतक्या वेगानं धावायचं की मैदानातला चेंडू आणि घरातला चेंडू एकाच वेळी जाळ्यात जायचा. सगळं गाव एकदम ओरडायचं. त्या एकदम उठणाऱ्या आरोळीचा सुकुमारला फार अभिमान होता, जणू ती त्यानंच वायरीतून सोडली होती.

मग रस्ता रुंद झाला, खांब गेले आणि खांबांबरोबर वायरही गेली. तोवर गिऱ्हाइकंही केबल सोडून मोबाइलकडे वळायला लागली होती. सुकुमार रडत बसणाऱ्यांतला नव्हता. त्यानं 'निमिष' नावाच्या कंपनीचं वायरलेस इंटरनेट गावात आणलं. छपरावर ताटलीएवढा अँटेना, टीव्हीजवळ एक पांढरी पेटी, आणि टेकडीवरच्या टॉवरवरून हवेतून येणारं सगळं जग. 'मगदूम केबल' ही पाटी उतरली आणि 'मगदूम लाइव्ह' ही चढली. पुण्याला, दुबईला गेलेली नांदगिरीची माणसं आता थेट सामने बघू लागली. परदेशातून पहिला फोन आला त्या दिवशी सुकुमारनं सगळ्या गल्लीला पेढे वाटले.

पण पहिल्याच सामन्यात घोळ झाला. माळपेठेनं गोल केला आणि घाटपेठेतून कचाकचा शिव्या ऐकू आल्या. त्या वेळी माळपेठेच्या टीव्हींवर चेंडू अजून मधल्या रेषेपाशी लोळत होता. आपला गोल झालाय, हे माळपेठेला घाटपेठेच्या शिव्यांवरून कळलं. एवढी नामुष्की त्या पेठेनं कधी पाहिली नव्हती. संध्याकाळी माळपेठेतल्याच सुकुमारच्या दारात ही गर्दी.

"चित्र आता सरळ धावत न्हाई," सुकुमार समजावू लागला. "त्याचे तुकडे होतात. तुकड्यांची गाठोडी बांधून ती कुठल्यातरी लांबच्या शहरातल्या संगणकावर जातात आणि तिथनं परत येतात. मधीच चित्र अडकू नये म्हणून घरातली पेटी चारदोन गाठोडी हाताशी ठेवते, आणि मगच दाखवायला लागते. आपली पेठ टेकडीच्या आडोशाला. इथं लहर अशक्त पोचते, गाठोडी पुन्हा पुन्हा मागवावी लागतात. म्हणून उशीर."

"ते सगळं खरं," गर्दीतून कुणीतरी म्हणालं, "पण काडी कधी ओढायची ते सांग."

याचं उत्तर घेऊन कंपनीची अभियंता मृण्मयी टिपणीस पुण्याहून आली. हुशार आणि हसरी मुलगी. सुकुमारच्या बायकोनं, त्रिशलानं, तिच्यापुढं चहा आणि भडंग ठेवलं, आणि तिनं भडंगाची बशी रिकामी करत करत नवी युक्ती सांगितली.

"काका, कुणी तुमच्याकडे चेंडू फेकला, तर तो हातात येईपर्यंत तुम्ही थांबता का? नाही. तो कुठं येणार हे आधीच ओळखून हात पुढे नेता. आता पेटीही तेच करणार. तिनं हजारो सामने पाहिलेत. पाऊल कसं पडलं की चेंडू कुठं जातो, खांदा कुठं झुकला की माणूस कुठं पळतो, हे ती शिकलीय. उशिरा येणाऱ्या चित्राची वाट न बघता मधले काही सेकंद ती स्वतःच रंगवते. खरं चित्र आलं की आपलं चित्र गुपचूप त्याच्याशी जुळवून घेते."

"आणि चुकली तर?"

"तर चित्र किंचित थरथरतं. बहुतेकांच्या लक्षातही येत नाही."

"म्हणजे भविष्य दिसतंय म्हणा की!"

"भविष्य नाही हो काका, सवय. माणसाची सवय कळली की त्याचा पुढचा क्षण बऱ्यापैकी कळतो." मग ती म्हणाली, "फक्त तुमच्या गावातल्या खेळाडूंच्या सवयी पेटीला शिकवायला हव्यात. जुनी चित्रणं आहेत?"

चित्रणं होती की! सुकुमारच्या कपाटात कित्येक वर्षांचे सामने जपून ठेवलेले होते. त्यातले निम्मे त्याच्या लेकीचे, सन्मतीचे. सन्मती माळपेठेच्या मुलींच्या संघाची गोलकीपर. तिच्या गुडघ्यांवरचे पहिले खरचटलेले डाग, पहिली अडवलेली पेनल्टी, पहिलं रडणं, सगळं त्यानं टिपलं होतं. ते सगळं त्यानं मोठ्या कौतुकानं मृण्मयीच्या हवाली केलं. घरच्या पोरीचा खेळ यंत्र शिकणार, याहून मोठा मान कुठला, असं त्याला वाटलं.

पेटीत 'आघाडी' नावाची एक सरकती पट्टी होती. ती शून्यावर ठेवली की चित्र मैदानाच्या बरोबरीनं चालायचं, आणि बरोबरीनं चालावं एवढ्यासाठीच ती होती. पण तपासणीच्या सोयीसाठी ती पट्टी शून्याच्या पुढेही सरकायची, आणि ते अभियंत्यांशिवाय कुणाला कळायचं कारण नव्हतं. दुसऱ्या कुठल्या गावात ते कळलंही नसतं. नांदगिरीत आठवड्यात कळलं. घाटपेठेचा पुढारी आप्पासो इंगवले, सुकुमारचा लहानपणापासूनचा दोस्त, यानं आपली पट्टी हळूच एक सेकंद पुढं सरकवली. माळपेठेनं दोन सेकंद सरकवली, आणि चढाओढीत ती सातआठ सेकंदांवर गेली. मग घाटपेठेनं माणसाच्या हातावरचा भरवसाच सोडला आणि फटाक्यांची माळ थेट पेटीला जोडली. पेटीला गोल दिसला की ठिणगी पडायची आणि धडाडधूम.

आता फटाके गोलाच्या आधी वाजू लागले. पेटी जितकी पुढचं बघायची तितकी जास्त चुकायची, पण तिची चूक कोण मानतो! पेटीवर गोल झाला आणि मैदानात चेंडू खांबाला लागून परत आला, तर लोक खेळाडूलाच धरून विचारायचे, "ठरलेला गोल घालवलास कसा रं?" एका पोराच्या बापानं त्याला यावरून उपाशी झोपवलं, अशीही बातमी होती. सुकुमारला हे सगळं आधी गमतीचं वाटलं. ते त्याच्या घरात शिरेपर्यंत.

साखळी फेरीत माळपेठ आणि घाटपेठ समोरासमोर आल्या. घाटपेठेला पेनल्टी मिळाली. मारायला आप्पासोची पुतणी राजनंदिनी, गोलात सन्मती. पंचाची शिट्टी वाजली. राजनंदिनी अजून चेंडूच्या दोन पावलं मागेच उभी होती, आणि मैदानाच्या भिंतीपलीकडं घाटपेठेत माळ धडधडली. सन्मतीचं तोंड उतरलं. चेंडू आला तेव्हा ती उजवीकडं झेपावली, चेंडू डावीकडून आत गेला. गावानं पेटीवर आधी जे पाहिलं होतं, ते जसंच्या तसं मैदानात घडलं.

घरी आल्यावर ती सरळ बापापुढं उभी राहिली.

"अण्णा, पेटीला कसं कळलं मी उजवीकडं जाणार ते?"

"अगं, तुझे जुने सामने..."

"तुम्हीच दिलं न्हवं ते?"

सुकुमारची नजर चित्रणांच्या कपाटाकडं गेली.

"दाबात आलो की मी उजवीकडंच झेपावतो. मला पण ठाऊक न्हवतं हे. तुमच्या पेटीला ठाऊक हाय, घाटपेठेला ठाऊक हाय, दुबईच्या मामाला ठाऊक हाय. मी काय करणार ते माझ्या आधी सगळ्या गावाला दिसतंय, तर मी तिथं उभं कशाला राहायचं? फायनलपतोर खेळतो, संघाला शब्द दिलाय म्हणून. मग हातमोजे काढून ठेवतो."

नांदगिरीच्या मुली 'खेळतो' आणि 'जातो' असंच म्हणतात. सन्मती तर ते असं म्हणायची की समोरच्यानं वाद घालू नये. त्या दिवसापासून तिनं बापाशी बोलणं सोडलं. जेवायला तिघं एकत्र बसायची, पण भाजी हवी असली तरी ती आईला म्हणायची, "अण्णांना सांग, पातेलं इकडं सरकवा." सुकुमार पातेलं सरकवायचा. ज्या पोरीचा एकेक सामना त्यानं जिवापाड जपला होता, त्या जपण्यातूनच तिचा खेळ संपायला आला होता. हे त्याला सहन होत नव्हतं.

माळपेठ आणि घाटपेठ अंतिम सामन्यात पुन्हा समोरासमोर येणार हे ठरलं, तेव्हा त्रिशला त्याला म्हणाली, "अहो, ती बोलत न्हाई तर तुम्ही बोला की. बाप कोन हाय दोघांत?"

सामन्याच्या दिवशी सकाळी सन्मती गच्चीवर हातमोजे वाळत घालत होती. सुकुमार अँटेना पुसायचं निमित्त करून वर गेला. अँटेना स्वच्छच होता.

"सनू," तो फडकं चोळत म्हणाला, "गावातल्या सगळ्या पेट्यांची किल्ली माझ्याकडं हाय. आज सगळ्यांची आघाडी शून्यावर आणतो. दोन्ही पेठा मला फाडून खातील, खाऊ देत. तुझ्या कानावर एक फटाका आधी येणार न्हाई."

सन्मती हातमोज्याचं एकेक बोट उलगडत राहिली. मग किती तरी दिवसांनी तिनं त्याला थेट विचारलं, "अण्णा, त्या पेटीला मैदानातला आवाज कळतो?"

"आवाज ऐकवते ती, पण त्यावरनं काही ठरवत न्हाई. ती फक्त अंग बघते. हात, पाय, खांदे."

"म्हणजे घाटपेठेचे फटाके वाजले, तर ते मी ऐकले, हे तिला कळत न्हाई?"

सुकुमारनं मृण्मयीला फोन लावून स्पीकर चालू केला. मृण्मयीनं प्रश्न नीट ऐकून घेतला. "नाही कळत," ती म्हणाली. "पेटी असं धरून चालते की तिचा अंदाज कुणीच ऐकलेला नाही. आम्ही तो खेळाडूच्या कानांपर्यंत पोचेल असा विचारच केला नव्हता. जगात दुसरीकडे कुठं पोचतही नाही हो काका, तुमच्याच गावात पोचतो!"

सन्मतीनं दुसरा हातमोजा दोरीवर टाकला आणि त्याला चिमटा लावला.

"मग राहू दे आघाडी," ती म्हणाली. "हाय तशीच ठेवा. हात लावू नका."

"अगं पण फटाके..."

"वाजू देत." आणि ती जिना उतरून गेलीसुद्धा.

सुकुमारला काही उमगलं नाही. पोरीनं मनातून हार मानली, एवढाच अर्थ त्यानं काढला, आणि जड मनानं टेंपोत कॅमेरा चढवला.

सामना असा झाला की तो पाहिलेली माणसं आजही तो सांगताना उठून उभी राहतात. पूर्वार्धात घाटपेठेचा गोल, उत्तरार्धात माळपेठेचा. दोन्ही वेळा फटाके आधी, गोल नंतर. मधे घाटपेठेचे तीन वेळा नुसतेच फटाके, गोल नाहीच. शिट्टी झाली तेव्हा बरोबरी. मग पेनल्ट्या. माळपेठेच्या पोरींनी आपल्या सगळ्या पेनल्ट्या मारून घेतल्या होत्या, आणि घाटपेठ एकानं मागं होती. शेवटची पेनल्टी उरली होती. गोल झाला असता तर सामना पुढं चालला असता, आणि पुढं माळपेठेकडं चांगला पाय मारणारं कुणी उरलेलं नव्हतं. चेंडू ठेवायला आली राजनंदिनी.

टेंपोत सुकुमारपुढं दोन पडदे होते. एकावर कॅमेऱ्याचं खरंखुरं चित्र, दुसऱ्यावर गावातल्या घरांत दिसणारं पेटीचं चित्र. खऱ्या चित्रात राजनंदिनी चेंडू ठेवून मागं सरकत होती. पेटीच्या चित्रात ती धावली, तिनं पाय मारला, सन्मती उजवीकडं झेपावली आणि चेंडू डावीकडून जाळ्यात गेला. 

घाटपेठेत माळ धडधडली. लांबलचक माळ, खास अंतिम सामन्यासाठी आणलेली.

माळपेठेनंही तेच पाहिलं होतं. तिथल्या पोरांनी तोंडं वाकडी करून आपल्या माळा उचलून आत नेऊन टाकल्या. त्रिशलानं टीव्ही बंद केला आणि डोळ्याला पदर लावून ती चुलीकडं वळली.

मैदानात फटाक्यांचा आवाज आला आणि राजनंदिनी गालात हसली. तिला निकाल कळला होता. गेल्या वेळी जिथं मारला, तिथंच मारायचा, दुसरं काही करायची गरजच नव्हती. तिचे खांदे सैलावले.

आणि सुकुमारनं लेकीकडं पाहिलं. गेल्या वेळी फटाके ऐकून सन्मतीचं तोंड उतरलं होतं. आज तिनं मान किंचित कलती केली. लहानपणी सुकुमार घरी आल्याचा आवाज ओळखायला ती दाराआड अशीच मान कलती करून उभी राहायची. आज ती फटाके ऐकत होती. त्यांची वाटच बघत होती. सुकुमारच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ती काय करणार हे गावाला आधी कळत होतं खरं, पण आज गावानंच तिला ओरडून सांगितलं होतं, की तू उजवीकडं जाशील आणि चेंडू डावीकडं येईल. पेटीला सगळं माहीत होतं, फक्त सन्मतीला कान आहेत एवढंच माहीत नव्हतं.

त्यानं दोन्ही पडदे सोडले आणि टेंपोच्या मागच्या फळीवर चढून बाहेर डोकं काढलं. आयुष्यात पहिल्यांदा तो लेकीचा खेळ कॅमेऱ्याशिवाय, उघड्या डोळ्यांनी बघत होता. ती त्याला चित्रातल्यापेक्षा खूप लांब आणि खूप मोठी दिसली.

राजनंदिनी धावली. सन्मतीचा उजवा गुडघा वाकला, जुन्या सवयीनं. सुकुमार ओरडला, "सनू!" त्याचा आवाज तिच्यापर्यंत पोचला की नाही कोण जाणे. वाकलेला गुडघा तिनं तिथंच दाबला, त्याच पायाचा रेटा घेऊन सगळं अंग डावीकडं फेकलं, आणि चेंडू तिच्या दोन्ही पंजांवर असा आदळला की हातमोज्याची शिवण उसवल्याचं तिनं नंतर सगळ्यांना दाखवलं. चेंडू बाजूला गेला, गोलखांबाला घासला आणि रेषेबाहेर पडला.

 मग माळपेठेच्या बाजूनं जो गलका उठला, त्यानं टेंपोच्या काचा थरथरल्या.

पण गावात अजून शांतता होती. घाटपेठेच्या पडद्यांवर पोरी नाचत होत्या, जाळ्यात चेंडू होता, आणि मग एकाएकी चित्राला सुरकुत्या पडल्या. चेंडू जाळ्यातून नाहीसा झाला. नाचणारी राजनंदिनी डोक्याला हात लावून गवतावर बसलेली दिसली. आणि गोलात, डाव्या बाजूला, आडवी पडलेली सन्मती मगदूम. फटाक्यांचा धूर घाटपेठेच्या गल्ल्यांत तसाच तरंगत होता आणि माणसं एकमेकांकडं बघत होती.

सुकुमारनं घरी फोन लावला. 

"टीव्ही लाव."

"काय बघायचं त्यात?" त्रिशलाचा आवाज भरलेला.

"लाव म्हणतोय न्हवं! तुझी पोरगी बघ, पोरगी!"

पलीकडून एक किंकाळी. मग "अगं बाई, अगं बाई" करत त्रिशला दारातून गल्लीत धावल्याचा आवाज. फोन ती तिथंच विसरली.

मैदानात आप्पासो इंगवले गर्दीतून वाट काढत टेंपोपाशी आला. पुतणीला त्यानं एका हातानं जवळ घेतलं होतं. राजनंदिनी मुसमुसत होती, पण सन्मतीकडं बघून तिनं अंगठा वर केला.  आप्पासो माळपेठेच्या दिशेला कान देऊन उभा होता. तिकडं अजून काहीच वाजत नव्हतं. आत नेलेल्या माळा पोरं शोधत असणार, काड्या शोधत असणार. मग एकदाची एक माळ वाजली. मग दुसरी. मग सगळी पेठ.

"काय मर्दा सुकुमार," आप्पासो म्हणाला, "काडेपेटी सादळली हुती काय?"

"सादळली हुती," सुकुमार डोळे पुसत हसला. "पन वाजले ते खरं बघून वाजले."

आप्पासोनं मान हलवली. "उद्या सकाळी ये. माझी पट्टी शून्यावर आन. तुमचीपन. पुन्हा सगळं गाव एकदम वरडू दे."

तोवर पोरींनी सन्मतीला खांद्यावर घेतलं होतं. तिनं उतरवायला लावलं, गर्दीतून बापाकडं आली आणि उसवलेला हातमोजा त्याच्या हातात कोंबला.

"अण्णा, हा शिवून आणा," ती म्हणाली. "रविवारी सराव हाय."